विषाची परीक्षा

विषाची परीक्षा पाहू नये, असे मराठीत म्हणतात. ज्याचा परिणाम ठाऊक आहे ते पुन्हा करून पाहण्यात शहाणपण नाही, हा त्या म्हणीचा व्यवहारी अर्थ. परंतु बंगळुरूच्या होसूर रस्त्यावर अशी एक संस्था आहे, की जिच्या प्रयोगशाळांतून ही परीक्षा जाणीवपूर्वक, मोजूनमापून आणि नोंदी ठेवून पाहिली गेली आहे. राष्ट्रीय मानसिक आरोग्य व चेताविज्ञान संस्था हे तिचे पूर्ण नाव. लोक तिला निम्हान्स म्हणून ओळखतात. म्हैसूर संस्थानच्या काळापासून चालत आलेले मनोरुग्णालय आणि अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था यांच्या विलीनीकरणातून ती 1974 साली उभी राहिली.

सकाळी तिच्या बाह्यरुग्ण विभागापुढे रांग लागते. त्या रांगेत कन्नड, तमिळ, तेलुगू आणि उर्दू यांच्या जोडीने मराठीही कानी पडते; मिरजेकडून, बेळगावकडून रात्रीच्या गाडीने आलेली माणसे तेथे असतात. अशा रांगेत एखादे निवृत्त शिक्षक असतात. त्यांचा उजवा हात मांडीवर विसावलेला असतो, पण विसावलेला नसतोही. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर सतत फिरत राहतात, जणू देवघरासाठी कापसाची वात वळणे चालू आहे. एके काळी फळ्यावर टपोरे अक्षर काढणारा तो हात आता निवृत्तिवेतनाच्या कागदावर सही करताना पहिले अक्षर मोठे काढतो आणि शेवटच्या अक्षरापर्यंत पोहोचता पोहोचता मुंगीएवढा होतो.

नाव पुकारले जाते. ते उठतात आणि दारातल्या उंबऱ्याशी खिळून उभे राहतात.

"अण्णा, पाऊल उचला ना," मुलगी हळूच म्हणते.

"मी सांगतोय गं त्याला. तो ऐकत नाही."

कंपवाताचे याहून नेमके वर्णन वैद्यकाच्या ग्रंथांतही क्वचितच सापडेल. लंडनच्या जेम्स पार्किन्सनने 1817 साली या व्याधीवर एक लहानसे पुस्तक लिहिले, तेव्हा त्याच्यापुढे अवघे सहा रुग्ण होते आणि त्यांतले काही तर त्याला रस्त्यातच आढळले होते. इच्छा शाबूत, स्नायूही शाबूत. मधला निरोप्या तेवढा हरवलेला. हा निरोप्या म्हणजे डोपामिन नावाचे द्रव्य. मध्यमेंदूत एक काळसर पट्टा असतो. तेथील पेशी हे द्रव्य घडवतात. त्यांतील निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून अधिक पेशी नाहीशा होईपर्यंत माणसाला काही कळत नाही. बोट प्रथम थरथरते तेव्हा आतला ऱ्हास पुष्कळ वर्षांचा जुना असतो.

हा ऱ्हास कसा सुरू होतो, हे जिवंत माणसाच्या मेंदूत शिरून पाहता येत नाही. मग प्राण्याकडे वळावे, तर तेथे वेगळीच अडचण. उंदीर म्हातारा होतो, पण त्याला आपोआप कंपवात होत नाही. जो रोग त्या जातीच्या वाट्याला निसर्गाने दिलाच नाही, तो त्याला द्यायचा कसा? या प्रश्नापाशी विषाचा प्रवेश होतो.

पहिले विष भारताच्याच मातीतले होते, आणि ते विष म्हणून नव्हे तर औषध म्हणून जगापुढे गेले होते. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये सर्पगंधेच्या मुळीने रक्तदाब उतरतो, हे पन्नास रुग्णांच्या अनुभवावरून दाखवून दिले. पुढे 1952 साली स्वित्झर्लंडमध्ये त्या मुळीतून रेसर्पिन वेगळे काढण्यात आले. त्याचा वापर वाढला तसे काही रुग्ण मंद आणि ताठर होऊ लागले, त्यांचे हात कापू लागले. स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी सशांना रेसर्पिन दिले. ससे कान पाडून निश्चल पडून राहिले. त्यांच्या मेंदूतील डोपामिनचा साठा रिता झाला होता. मग लेव्होडोपा टोचले, तेव्हा त्यांनी पुन्हा कान उभारले. ही 1957 सालची गोष्ट. कंपवाताने मृत्यू पावलेल्यांच्या मेंदूत डोपामिनची वाण असते, हे व्हिएन्नाच्या ओलेह होर्निकिविच यांनी 1960 साली दाखवले आणि पुढच्याच वर्षी लेव्होडोपाची सुई माणसांना दिली गेली. गंमत अशी, की हेच लेव्होडोपा खाजकुइलीच्या बियांतून मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी 1937 सालीच वेगळे काढले होते. एका रानमुळीने अंग थिजवावे आणि दुसऱ्या रानवेलीच्या बीने ते सोडवावे, हा योग निसर्गाने जुळवून ठेवला होता; तो ओळखायला मध्ये सशाला निपचित पडावे लागले.

तथापि रेसर्पिनने पेशी मरत नसत. कोठार रिकामे होई, कोठारपाल जिवंत राही. काही काळाने सारे पूर्ववत होई. खऱ्या रोगात कोठारपालच मरतो. त्याला नेमके मारणारे विष हाती आले ते एका गुन्ह्यातून. 1982 साली कॅलिफोर्नियात काही तरुण व्यसनी पुतळ्यासारखे ताठर होऊन रुग्णालयात आले. त्यांनी टोचून घेतलेला माल हेरॉइनच्या जातीचा, चोरून बनवलेला होता आणि तो बनवताना झालेल्या चुकीतून एमपीटीपी नावाचे अनपेक्षित द्रव्य त्यात उतरले होते. डॉ. विल्यम लँगस्टन यांनी हे कोडे सोडवले. हे द्रव्य स्वतः घातक नसते. मेंदूत शिरल्यावर तेथलेच एक विकर त्याचे विषात रूपांतर करते. मग डोपामिन आत घेण्यासाठी पेशीने उघडे ठेवलेल्या दारातूनच ते विष आत जाते आणि तंतुकणिकांतील ऊर्जेची चूल विझवते. ज्या दाराने रोजचा ओळखीचा पाहुणा यायचा, त्याच दाराने मारेकरी येतो. या विषाची घडण पॅराक्वाट या तणनाशकाशी मिळतीजुळती असल्याचे ध्यानात आले, तेव्हा शेतात फवारल्या जाणाऱ्या द्रव्यांकडेही संशयाने पाहिले जाऊ लागले.

माकडांत या विषाने माणसासारखीच लक्षणे उमटली. मोठ्या जातीच्या उंदरांनी मात्र त्याला दाद दिली नाही. छोट्या उंदरांत निराळाच प्रकार दिसला: सी-57 नावाने ओळखला जाणारा काळा उंदीर या विषाला बळी पडतो, तर सीडी-1 नावाचा पांढरा उंदीर त्याच मात्रेत बराचसा तगतो. विष एक, जात एक, मात्राही एक. फळ मात्र वेगळे.

जगभरच्या संशोधकांनी साहजिकच काळ्या उंदराला जवळ केले, कारण त्यांना रोगाची प्रतिकृती हवी होती. जो आजारीच पडत नाही, त्या पांढऱ्या उंदराचा त्यांना काय उपयोग? बंगळुरूत मात्र त्या तगलेल्या उंदराकडेही तितक्याच कुतूहलाने पाहिले गेले, आणि त्याला कारण होती या शहरातली माणसे.

कंपवाताचे प्रमाण भारतात पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी आहे, असे पाहण्यांतून दिसत आले होते. निम्हान्समध्ये मृत्यूनंतर दान केलेले मेंदू जतन करण्याची परंपरा आहे, डॉ. एस. के. शंकर यांच्यासारख्या विकृतिशास्त्रज्ञांनी ती जोपासली. अशा निरोगी मेंदूंतील त्या काळसर पट्ट्यातल्या पेशी मोजून डॉ. उदय मुथाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1998 साली एक चकित करणारा निष्कर्ष मांडला. भारतीय मेंदूत या पेशी ब्रिटनमधील मेंदूंहून मुळातच कमी असतात. पण वय वाढते तशा त्या घटत नाहीत. पुंजी लहान, परंतु खर्च नाही. त्यानंतर 2003 साली याच शहरातील अँग्लो-इंडियन समाजाची पाहणी प्रसिद्ध झाली. बंगळुरूला हा समाज परका नाही. व्हाइटफील्ड ही वसाहतच 1882 साली त्यांच्यासाठी वसवली गेली. युरोपीय आणि भारतीय अशा दोन्ही रक्तांचा वारसा सांगणाऱ्या या लोकांत कंपवाताचा धोका आणखी कमी असल्याचे त्या पाहणीत आढळले.

मग उंदरांचीच सोयरीक जुळवून पाहण्यात आली. डॉ. फाल्गुनी आनंद अल्लादी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निम्हान्समध्ये काळ्या व पांढऱ्या उंदरांचा संकर केला आणि त्या संततीला विष दिले. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या या कामात संकरित उंदरांनी विषाला चांगला प्रतिकार केल्याचे दिसले. प्रश्न उलटा झाला होता. पेशी का मरते, या शोधाच्या शेजारी पेशी का जगते, हा शोध येऊन बसला.

येथे मन मोहात पडते. उंदरांतील संकर आणि व्हाइटफील्डमधील माणसे यांच्यात थेट रेघ ओढावी, असे वाटते. पण तसे करणे घाईचे ठरेल. उंदराच्या मेंदूतील तो पट्टा काळा नसतोच. माणसात वयाबरोबर साचत जाणारे ते काळे रंगद्रव्य त्याच्यात दिसत नाही. ज्या पट्ट्याला त्याच्या काळेपणावरून नाव मिळाले, तो उंदरात नावापुरताच आहे. विषाचे काम काही दिवसांत आटोपते. अण्णांच्या मेंदूत ते पंधरा-वीस वर्षे चाललेले असते. उंदरांना वाचवणारी कितीतरी द्रव्ये माणसापाशी येऊन निष्फळ ठरली. लक्षणे सुसह्य करणारी औषधे आहेत, पण ऱ्हास थांबवणारे औषध अद्याप कोणाच्या हाती नाही. प्रतिकृती म्हणजे रोग नव्हे. नाटकातल्या राजाकडे पाहून राज्यकारभाराविषयी काही कळते, सगळे कळत नाही.

आणि तरीही त्या नाटकात मरण मात्र खरे असते. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा भारतात 1960 साली झाला. प्रयोगासाठी समितीची अनुमती लागते, किती प्राणी आणि का, याचे उत्तर द्यावे लागते, वेदना कमीत कमी राहील हे पाहावे लागते. नियम आवश्यक आहेत. परंतु नियम पाळला म्हणजे ऋण फिटले असे होत नाही. ज्याला हा रोग कधी झालाच नसता, त्याला तो देऊन माणूस आपल्या रोगाची कारणे विचारतो. उंदराने संमती दिलेली नसते, आणि मिळणाऱ्या उत्तरात त्याचा वाटाही नसतो. या व्यवहाराचे समर्थन करता येईल, पण ते मान खाली घालूनच करावे लागेल. निदान एवढे तरी बंधन त्यातून निघते, की जो उंदीर तगला त्याचीही नोंद तितक्याच निष्ठेने व्हावी, आणि जो प्रयोग फसला तो लपवला जाऊ नये. नाहीतर ते मरण वायाच गेले.

दुपारी अण्णा आवारातल्या झाडाखाली बाकावर बसलेले असतात. मुलीने डब्यातली पोळी त्यांच्या हाती दिलेली असते आणि गोळी घेऊन अर्धापाऊण तास झालेला असतो. बोटांची ती वात वळणे हळूहळू मंदावते. ते उठतात, दोन पावले टाकतात, मग आणखी चार. गोळीचा हा अंमल काही तासांचा. पुढे तोही तोकडा होत जाईल, हे डॉक्टरांनी सांगितलेले असते.

"ऐकलं बरं का आता त्यानं," ते पायाकडे बोट दाखवून म्हणतात.

मुलगी हसते. त्या चार पावलांमागे 1957 सालचे कान पाडून पडलेले काही ससे आहेत, हे दोघांनाही ठाऊक नसते. विषाची परीक्षा कोणीतरी पाहिलेली होती. त्यांच्या वाट्याला आले ते तिचे उत्तर, तेही अर्धेच. उरलेल्या अर्ध्यासाठी त्याच आवारात कोणीतरी सूक्ष्मदर्शकावर वाकून, वाचलेल्या पेशी एकेक करून मोजत असते.