डार्विनच्या आजोळच्या काही गोष्टी

इंग्लंडमध्ये स्टॅफर्डशर परगण्यात मेअर हॉल नावाचं जुनं दगडी घर आहे. चार्ल्स डार्विनच्या मामांचं, जोसाया वेजवुड यांचं. चिनी मातीच्या भांड्यांमुळे नाव झालेलं वेजवुड घराणं ते हेच. चार्ल्स आठ वर्षांचा असताना आई गेली, पण आजोळ सुटलं नाही. त्या घरातल्या, आता नसलेल्या काही गोष्टी इथे लिहून ठेवतो.

पलंगाजवळचे बूट. एक सप्टेंबरला तित्तिरांची शिकार सुरू होई. चार्ल्स रात्रीच शिकारीचे बूट सैल करून उशाशी ठेवी, सकाळी ते चढवताना अर्धं मिनिटसुद्धा वाया जायला नको. पुढे निसर्गाच्या अभ्यासात बंदूक आपोआप सुटली.

मामांचं पत्र. १८३१च्या ऑगस्टअखेर ‘बीगल’ जहाजावर जाण्याचं बोलावणं आलं आणि वडिलांनी नको म्हटलं. मात्र एखादा शहाणा माणूस जा म्हणाला तर मी परवानगी देईन, एवढी फट त्यांनी ठेवली होती. चार्ल्स नकार कळवून मामांकडे आला. वडिलांचे आठ आक्षेप त्याने कागदावर उतरवले: पुढे पाद्री व्हायचं त्याला हे शोभत नाही, बेत अविचारी आहे, जहाजावर हाल होतील, पुन्हा स्थिर आयुष्य जमणार नाही... मामांनी एकेका आक्षेपाला शांतपणे उत्तर लिहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी भाचा शिकारीला निघाला, तर त्याला माघारी बोलावून घेतलं आणि गाडीत घालून थेट श्रूजबरीला वडिलांपुढे नेलं. वडिलांनी होकार दिला. मामा अबोल म्हणून ओळखले जात. ‘उत्क्रांती’ हा शब्द उच्चारताना मला आधी हे अबोल मामा आठवतात. पत्र जपलेलं आहे. पत्र लिहून न थांबता स्वतः गाडी जोडून निघणारे मामा मात्र आता फार थोड्या घरांत उरलेत.

देवडीच्या पायऱ्या. उन्हाळ्यातल्या संध्याकाळी सगळं घर तिथे बसायचं. पुढे फुलबाग, पलीकडे झाडीचा चढ, तळ्यात त्याचं प्रतिबिंब. मधूनच एखादा मासा उसळे. म्हातारपणी आठवणी लिहितानाही डार्विनला ही संध्याकाळ लख्ख दिसत होती.

मामांचं शेत. पाच वर्षांच्या सफरीहून भाचा परतला, तेव्हा मामांनी त्याला एक जागा दाखवली. काही वर्षांपूर्वी गवतावर चुना आणि कोळशाची राख पसरली होती. ती आता काही इंच खाली, अखंड थरात गेली होती. हे गांडुळांचं काम असावं, असं मामा म्हणाले. जग हिंडून आलेल्या माणसाने ते मन लावून ऐकलं, १ नोव्हेंबर १८३७ला लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीपुढे त्यावर निबंध वाचला आणि मामांचं ऋण मानलं. १८८१ साली त्याचं शेवटचं पुस्तक आलं, तेही गांडुळांवरच. पाहुण्याला शेत दाखवायला नेण्याची रीत आपल्याकडेही होती. आता पाहुण्याला तेवढा वेळ नसतो.

पेन्सिलीचं टिपण. लग्न करावं की नाही, याचा हिशेब त्याने १८३८मध्ये कागदावर मांडला होता. न करण्याच्या बाजूला एक फायदा लिहिला आहे: नातेवाइकांकडे जाण्याची सक्ती उरणार नाही. त्याच वर्षी ११ नोव्हेंबरला तो मेअरला गेला आणि मामांच्या धाकट्या मुलीला, एमाला, मागणी घातली. मामेबहिणीशी लग्न हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

शिदोरी. २९ जानेवारी १८३९ला मेअरच्या चर्चमध्ये लग्न लागलं आणि नवराबायको त्याच दिवशी रेल्वेने लंडनला निघाली. घरच्यांनी सँडविच आणि पाण्याची बाटली बरोबर दिली होती. एमाने आईला आवर्जून कळवलं, की त्या पाण्याचा फार आधार वाटला. तिची आई अंथरुणाला खिळलेली होती.

मामा १८४३ला गेले, तीन वर्षांनी मामी. वेजवुडांचं घर दुसऱ्यांच्या हाती गेलं. ते अजून उभं आहे. जवळचं रेल्वे स्थानक तेव्हा व्हिटमोर होतं. लंडनच्या गाड्या आजही त्याच मार्गाने जातात, पण व्हिटमोरला थांबत नाहीत.