ज्योतीतला हिरा

कल्याण सोडले की विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही स्टेशने येतात. सहलीसाठी त्यांचे तिकीट सहसा कुणी काढीत नाही. मी मात्र दिवाळीआधीच्या एका रविवारी काढले, ते अंबरनाथच्या शिवालयासाठी. शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा तेथला शिलालेख! वालधुनीकाठचे ते शिलाहारांचे देऊळ डोळे भरून पाहिले, पायऱ्या उतरून गाभाऱ्यातल्या दिव्याला हात जोडले.

परतताना सौभाग्यवतींच्या हुकुमाने कापडासाठी उल्हासनगरला उतरलो. सिंधी निर्वासितांच्या छावणीला १९४९ साली हे नाव मिळाले. आज तिथे बाजारात पाय ठेवायला जागा नाही. एका वेल्डिंगच्या दुकानातून हाक आली, "सर!"

माझा जुना विद्यार्थी. मला संकोचच वाटला. मराठीत तो तिसऱ्यांदा नापास झाला, तेव्हा भर वर्गात मी म्हटले होते, "कोळसा उगाळावा तितका काळाच!" त्यानंतर तो कॉलेजात दिसला नाही.

त्याने स्टूल पुसून दिले, चहा मागवला. राहतो बदलापूरला, म्हणाला. मग त्याने ऑक्सिजन-ॲसिटिलीनची ज्योत पेटवली. ॲसिटिलीन किंचित वाढवताच लखलखीत शंकूभोवती फिकट पिसासारखा पट्टा उमटला.

"इथे हिरा होतो, सर. १९८८ साली जपानात हिरोसे आणि कोंडो यांनी केला."

पाण्याने थंड राखलेला पत्रा या पट्ट्यात सुमारे ९०० अंशांवर धरला, की ज्योतीतला कार्बन त्यावर बसतो. काजळी हायड्रोजनचे सुटे अणू खरवडून नेतात. हिऱ्याचे बारीक स्फटिक उरतात, त्यांचा पापुद्रा होतो. वायूंचे प्रमाण जरा चुकले की नुसती काजळी!

"पण तीन हजार अंशांची ज्योत मोजायची कशी रे?"

"आत काही घातलं तर ते वितळतं, ज्योतही बिघडते. म्हणून लेसरचा किरण सोडतात. ठरावीक रंगाला ठरावीक रेणू उजळतात. त्या उजेडावरून हिशेब करतात, आणि गणितानं मांडलेल्या ज्योतीशी ताडून बघतात."

"कुठे वाचलेस?"

"रात्री, मोबाइलवर."

इतके स्वच्छ मराठी माझ्या वर्गात क्वचितच ऐकायला मिळते. मी चाचरत म्हणालो, "तुला मी एकदा कोळसा..."

"आठवतं, सर." एवढेच बोलून त्याने ज्योत बंद केली.

मेणबत्तीच्या ज्योतीत सेकंदाला सुमारे १५ लाख हिऱ्याचे कण जन्मतात आणि तिथेच जळून जातात, असे २०११ साली स्कॉटलंडमध्ये आढळले. यंदा पणती लावताना मला तो आठवला. ती म्हण मी वर्गात पुन्हा उच्चारणार नाही.