वारली चित्र : लग्नचौकापासून एका माणसाच्या कागदापर्यंत

१/
कळंबोली म्हटले की लोखंड-पोलादाचा बाजार आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचा आरंभ आठवतो. सिडकोने वसवलेल्या अशा आखीव वसाहतींतही एक चित्र हमखास भेटते : गेरूच्या रंगावर नाचणाऱ्या पांढऱ्या, त्रिकोणी माणसांचे रिंगण. ते कधी कुंपणाच्या भिंतीवर असते, कधी पडद्यावर, कधी चहाच्या कपावर. आज ते सजावट म्हणून ओळखले जाते. त्याचा इतिहास मात्र श्रद्धेचा, कर्जाचा आणि एका पोरक्या मुलाच्या मौनाचा आहे.

२/
हा इतिहास घडला तो प्रदेश कळंबोलीच्या उत्तरेला सुमारे दीडशे किलोमीटरवर आहे. डहाणू, तलासरी, जव्हार हे तालुके पूर्वी ठाणे जिल्ह्यात होते. १ ऑगस्ट २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात आहेत. ही वारली समाजाची भूमी. धरतरी ही माती, कणसरी हे धान्य, नारनदेव हा पाऊस, वाघदेव हा रानाचा धनी. या देवतांना देवळाची गरज कधी भासली नाही.

३/
युरोपात ख्रिस्ती धर्म पसरला तेव्हा अशा निसर्गपूजकांना ‘पेगन’ म्हटले गेले. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ होता ‘खेडूत’. ब्रिटिश हिंदुस्थानात विसाव्या शतकाच्या आरंभीच्या जनगणनांनी अनेक आदिवासींना ‘ॲनिमिस्ट’ या रकान्यात घातले. दोन्ही नावे बाहेरून पाहणाऱ्यांनी दिलेली. आतून ही श्रद्धा कशी दिसत होती, हे समजून घ्यायचे तर लग्नघराची भिंत पाहावी लागते.

४/
शेणामातीने सारवून गेरू दिलेल्या त्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने ‘चौक’ काढला जातो. लेखणी म्हणजे टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. चौकाच्या मध्यभागी सर्जनाची देवी पालघाट. भोवती सूर्य, चंद्र, झाडे, फणी, शिडी. शेजारच्या लहान देवचौकात घोड्यावर स्वार पंचशिऱ्या देव. हा चौक लग्नविधीचाच भाग आहे. देवीच्या साक्षीशिवाय लग्न पुरे होत नाही.

५/
चौक काढण्याचा मान सवाशिणींचा, म्हणजे पती हयात असलेल्या विवाहित स्त्रियांचा. लग्न लावणारी धवलेरीही स्त्रीच. ती गाणी म्हणत विधी पार पाडते. म्हणजे या परंपरेत चित्र आणि मंत्र, दोन्ही स्त्रियांच्या हाती होते. चौकाखाली कोणाचीही सही नसे. तो एकीचा नव्हता, साऱ्या पाड्याचा होता.

६/
मात्र याच मंगल प्रसंगाच्या पोटात गुलामी दडलेली होती. लग्नासाठी सावकाराकडून कर्ज घेणारा तरुण ‘लग्नगडी’ होई आणि ते फेडण्यासाठी नवराबायको वर्षानुवर्षे जमीनदाराच्या घरी राबत. १९४५ मध्ये शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारली या वेठीविरुद्ध उठले. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला जमलेल्या आदिवासींवर गोळीबार झाला. त्यात जेठ्या गांगड मारले गेले. गोदावरीबाईंच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात हा काळ नोंदवलेला आहे.

७/
त्या वर्षी जिव्या सोमा म्हसे अकरा वर्षांचे होते. १९३४ मध्ये तलासरी तालुक्यातल्या धामणगावात त्यांचा जन्म झाला. सातव्या वर्षाच्या सुमारास आई गेली आणि त्या धक्क्याने मुलाची वाचाच बसली. पुढची कित्येक वर्षे तो मातीत रेघा ओढून आपले म्हणणे सांगत असे. इतरांसाठी रेघ हा विधी होता. त्याच्यासाठी ती बोली झाली.

८/
१९७० च्या दशकाच्या आरंभी चित्रकार भास्कर कुलकर्णी शासकीय कामानिमित्त डहाणू भागात आले. बिहारमध्ये दुष्काळाच्या दिवसांत मधुबनीच्या स्त्रियांची भित्तिचित्रे कागदावर आणण्याच्या कामात त्यांचा वाटा होता. तोच प्रयत्न त्यांनी येथे केला, आणि कागद-रंग हाती येताच जिव्या म्हसे विधीची वाट न पाहता रोज चित्र काढू लागले. १९७५ मध्ये मुंबईच्या गॅलरी केमोल्डमध्ये त्यांचे प्रदर्शन झाले. १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

९/
बदल केवळ भिंतीऐवजी कागद आला एवढाच नव्हता. चौकाला ठरलेली चौकट होती. म्हसे यांच्या कागदावर मासेमारीचे जाळे सारी जागा व्यापून पसरते, वारुळाभोवती मुंग्यांची ये-जा चालते, तारपा वाजवणाऱ्याभोवती नाच सर्पिल होत जातो. कोठेही काही स्थिर नाही. धरतरी आणि कणसरी तेथेही आहेत. परंतु त्यांच्याकडे पाहणारी नजर आता एका माणसाची आहे.

१०/
जगाने ही नजर ओळखली. १९८९ मध्ये पॅरिसच्या पॉम्पिदू केंद्रातील ‘पृथ्वीचे जादूगार’ या गाजलेल्या प्रदर्शनात त्यांची चित्रे होती. २००३ मध्ये जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ येथे ब्रिटिश कलावंत रिचर्ड लाँग यांच्या कामासोबत ती मांडली गेली. २००२ मध्ये शिल्पगुरू, २००९ मध्ये प्रिन्स क्लाउस पुरस्कार, २०११ मध्ये पद्मश्री. १५ मे २०१८ रोजी त्यांचे निधन झाले. सदाशिव आणि बाळू हे त्यांचे पुत्रही चित्रकार आहेत.

११/
या वाटचालीची एक किंमतही आहे. चित्र कागदावर आले, विकले जाऊ लागले, त्याला सही मिळाली. तेव्हा कीर्ती मुख्यतः पुरुषांच्या वाट्याला आली. ज्या सवाशिणींनी पिढ्यान्‌पिढ्या हा हात जपला, त्यांची नावे इतिहासात नाहीत. वारली चित्रकलेला आता भौगोलिक मानांकन लाभले आहे. ते नकलांपासून काही संरक्षण देऊ शकते, हरवलेली नावे परत देऊ शकत नाही.

१२/
बाजारातल्या नकलांत तारपा नाच सर्वत्र दिसतो, पालघाट देवी क्वचितच. नाच उचलता आला. देवी लग्नघराच्या भिंतीवरच राहिली, कारण तिला तेथे बोलवावे लागते. पुढच्या वेळी ते पांढरे रिंगण दिसले तर दोन प्रश्न जरूर विचारावेत : हे कोणी काढले? आणि त्याच्या आधी, भिंतीवर, कोण काढत होते?