पॉइंट किती झाले?

परवा कपाट आवरताना एका जुन्या डायरीत मीच लिहिलेली एक अप्रेझलची नोंद सापडली, आणि दिवसभर कशात मन लागेना.

मी नोकरीला लागलो तेव्हा सगळं वॉटरफॉल पद्धतीनं चालायचं. दर शुक्रवारी रिपोर्ट. आजवर १०० रुपयांचं काम व्हायला हवं होतं, ८० रुपयांचं झालं, म्हणजे शेड्यूल परफॉर्मन्स इंडेक्स ०.८. हिशेब चोख! फक्त किती झालं, हे आम्हीच सांगायचो. त्यामुळे प्रोजेक्ट ९० टक्क्यांपर्यंत धावत जायचा आणि मग तिथेच बसकण मारायचा.

मग अजाईल आलं. २००१ साली अमेरिकेत युटामधल्या एका स्की रिसॉर्टवर १७ जण जमले आणि त्यांनी अजाईलचा जाहीरनामा लिहिला. त्याच्या तत्त्वांत चालणारं सॉफ्टवेअर हेच प्रगतीचं मुख्य माप मानलंय. वाटलं, सुटलो! दोन आठवड्यांचा स्प्रिंट, शेवटी डेमो. चाललं तर झालं, नाहीतर नाही.

पण साहेबांना आकडा हवाच होता. स्टोरी पॉइंट म्हणजे खरं तर टीमनं आपल्यापुरता बांधलेला अंदाज. हे काम त्या कामाच्या साधारण दुप्पट, एवढंच. तरीही दोन टीमची व्हेलॉसिटी एकाच तक्त्यात लागली. पुढच्याच स्प्रिंटला आमच्याकडे ३ पॉइंटांची स्क्रीन ५ ची झाली. व्हेलॉसिटी वाढली, काम तेवढंच. त्यात मीही सामील होतो.

मग माणशी पॉइंट काढायचं फर्मान आलं. टीममधल्या एका मुलीचे सगळ्यात कमी निघाले. ती दिवसभर कुणाच्या तरी शेजारी खुर्ची ओढून बसलेली असायची, नव्या पोरांचं अडलेलं सोडवत. पॉइंट पडायचे त्यांच्या नावावर. मला हे पक्कं ठाऊक होतं. तरी मी लिहिलं, 'उत्पादकता वाढवणे गरजेचे.'

"अरे, मी दिवसभर काय करते ते तुला दिसत नाही का?" तिनं एकदाच विचारलं. मी तिला तक्ता दाखवला.

तीन महिन्यांत ती सोडून गेली. नंतर डेमो अडखळायला लागले, तेव्हा कारण कुणाला विचारावं लागलं नाही.

वॉटरफॉलमध्ये आम्ही टक्के फुगवले, अजाईलमध्ये पॉइंट. पण डोळ्यांना दिसत होतं ते लिहायचं धाडस मात्र मला दोन्हीकडे झालं नाही.

असो. आता स्प्रिंट संपला की मी विचारतो, या खेपेला कुणी कुणाला मदत केली? उत्तरांचा तक्ता होत नाही. नावं मात्र लिहून ठेवतो, त्याच डायरीत.