पावसाळ्यातली खिडकी

जुलै उजाडला की आमच्या सागवानी खिडक्या चौकटीत घट्ट बसतात. लाकूड हवेतला ओलावा पितं आणि फुगतं. तेही रुंदीत, लांबीत जवळजवळ नाहीच. म्हणून झडप अडकते ती बहुधा उभ्या कडेला. अशा वेळी रंधा मारायचा मोह मी आवरते. आज तासलेलं लाकूड उन्हाळ्यात आकसतं, फट पडते. सध्या कडेवर मेणबत्ती घासते, तेवढ्याने झडप सरकते. आधी बिजागरीचे स्क्रू मात्र पाहावेत. ते ढिले झाले की झडप खाली झुकते आणि दोष उगाच लाकडावर जातो. भोक मोठं झालं असेल तर काडेपेटीच्या काड्या गोंदात बुडवून ठोकायच्या, वाळल्यावर स्क्रू पुन्हा पिळायचा.

बैठकीतली खिडकी ॲल्युमिनियमची, सरकती. तिच्या खालच्या पट्टीत पाणी बाहेर जायला बारीक भोकं असतात. धूळ आणि कबुतरांची पिसं यांनी ती बुजतात नि पाणी घरात उतरतं. लोक सिलिकॉन भरून ती भोकंच बंद करतात, याचं मला फार वाईट वाटतं. जुना टूथब्रश आणि तार एवढं पुरतं.

रंधा आणि रंग दिवाळीनंतर, लाकूड सुकल्यावर. तेव्हा झडपेच्या वरच्या-खालच्या कडांनाही रंग द्या. ओलावा सर्वांत जास्त तिथूनच शिरतो.