नवोदित चित्रकारांची पेठ

मालविकाग्निमित्र नाटकाच्या आरंभींच, भासादि प्रथितयश कवि असतां नव्या कवीचें नाटक कां करावें, असा प्रश्न सूत्रधारास विचारला जातो. हा नवा कवि म्हणजे स्वतः कालिदास! प्रत्येक नवोदित कलावंतापुढें हाच प्रश्न उभा असतो. म्हणून लंडन येथें सुरू झालेल्या ‘दि अदर आर्ट फेअर’ या कलामेळ्याची हकीकत आम्हांस मननीय वाटते.

मोठ्या कलामेळ्यांत गाळे असतात ते बहुधा गॅलऱ्यांचे. ज्या चित्रकारास गॅलरीचा आश्रय नाहीं, त्याचा तेथें शिरकाव होणें कठीण. रायन स्टॅनियर यांनीं २०११ सालीं हा निराळा मेळा काढला. येथें निवड-समिति चित्रें पारखते. निवडलेला चित्रकार गाळ्याचें भाडें भरतो आणि आपल्या चित्रांपाशीं उभा राहून गिऱ्हाइकाशीं स्वतःच बोलतो. २०१६ सालीं साची आर्ट या संस्थेनें हा मेळा आपल्याकडे घेतला. सिडनी, न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस इत्यादि शहरीं त्याचा विस्तार झाला. अर्थात् चित्रें न खपल्यास भाड्याचा भुर्दंड चित्रकारासच बसतो, हेंही विसरतां कामा नये.

आमच्या वडील बंधूंच्या नातवानें नुकताच चित्रकलेचा अभ्यासक्रम पुरा केला. अशाच एका प्रदर्शनांत गाळा घेण्याचा त्याचा मनोदय ऐकून घरांतील मंडळी नाराज झाली. आपल्या कुळांत कोणीं दुकान मांडलें नाहीं, हा त्यांचा आक्षेप. पण पस्तीस वर्षें विद्यादान करून आम्हीं दरमहा वेतन घेतलेंच कीं नाहीं? मग चित्रकारानें चित्राचें मूल्य मागितलें, तर त्यांत कमीपणा कसला?

१८८८ सालीं स्थापन झालेल्या बॉम्बे आर्ट सोसायटीनें १९३७ सालीं अमृता शेरगिल यांस सुवर्णपदक दिलें. अशा गौरवाचें मोल थोर खरें. परंतु पदकानें चूल पेटत नाहीं. त्यासाठीं चित्र विकत घेणारें घर लागतें. लग्नमुंजींत हजारों रुपयांचे आहेर करणाऱ्या आपल्या कुटुंबांनीं वर्षांतून एखादें चित्र नव्या हाताचें घेतल्यास काय बिघडेल?

नातवाचें एक निसर्गचित्र आम्हांस आवडलें. तो तें तसेंच देऊं लागला. आम्हीं किंमत मोजूनच घेतलें. फुकट मिळालेल्या चित्राचें कौतुक होतें, पण चित्रकाराचा निर्वाह होत नाहीं.