लाईट गेली की कळतं

मालवणात कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या माणसाकडे नवं यंत्र क्वचितच येतं. येतं ते चार जीबी रॅमचं, हिशेबाच्या जुन्या सॉफ्टवेअरपायी विंडोजला बांधलेलं डबडं. विंडोज काढायचं नाही, पण खोल्यांच्या बुकिंगची वही घरातल्या सगळ्यांच्या मोबाईलवर दिसली पाहिजे, ही तारकर्ली-देवबागच्या होमस्टेवाल्यांची नेहमीची मागणी. मग व्हर्च्युअलबॉक्समध्ये छोटं लिनक्स बसवायचं. त्याला एक जीबी रॅम, बाकीची विंडोजला.

हलकं लिनक्स कुठलं, असं विचारलं की नावं भराभर पुढे येतात: पपी, टायनी कोअर, अँटीएक्स. मला तिन्ही आवडतात. पण जुन्या यंत्रात पुन्हा जीव आणणं हे त्यांचं खरं काम. व्हर्च्युअल मशीनमध्ये हार्डवेअर सगळीकडे तेच, ठरावीक नेटवर्क कार्ड आणि ठरावीक डिस्क. शिवाय वहीच्या सर्व्हरसमोर कुणी बसणार नाही, म्हणजे डेस्कटॉप हवाच कशाला? तो न बसवलेलं साधं डेबियन सहसा दोनशे एमबी रॅमच्या आत भागवतं.

खरा मोह अल्पाइन लिनक्सचा. २००५ पासूनचं, राउटरसारख्या लहान यंत्रांना डोळ्यासमोर ठेवून वाढलेलं. त्याची कंटेनरसाठीची मूळ प्रत दहा एमबीच्याही आतली. ग्लिबसीऐवजी मसल ही छोटी सी लायब्ररी आणि बहुतेक कमांड एकाच बिझीबॉक्समध्ये, त्यामुळे ही काटकसर जमते. पण झेरॉक्सच्या दुकानात दिसतात त्या छोट्या लेझर प्रिंटरांपैकी काहींचा लिनक्स ड्रायव्हर फक्त तयार बायनरी म्हणून मिळतो, ग्लिबसी धरून बांधलेला. मसलवर तो तसाच्या तसा चालत नाही. मालकाला बिल छापायचंच असतं, म्हणून मी डेबियन घेतो. बिल मराठीत असलं तर लोहित देवनागरीसारखा फॉन्ट आठवणीने टाकावा लागतो, नाहीतर गावाच्या नावाच्या जागी चौकोन छापून येतात. चार एमबी वाचवून असं बिल पाहुण्याच्या हातात द्यायचं?

मात्र माझी झोप उडवतं ते वेगळंच. ‘लायट गेली तर काय?’ हा इथला पहिला प्रश्न, आणि तो बरोबर आहे. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळानंतर इथल्या कित्येक गावांत अनेक दिवस वीज नव्हती. तेव्हा कॉम्प्युटर बंदच होते. नोंदींना जास्त धोका पावसाळ्याच्या तोंडावर दोन मिनिटांसाठी जाऊन येणाऱ्या विजेचा. वहीचा डेटाबेस, एसक्यूलाइट, नोंद लिहितं आणि ‘डिस्कवर खरंच उतरव’ असा हुकूम सोडतं. लिनक्स तो पुढे पाठवतं. पण व्हर्च्युअलबॉक्स वेग राखण्यासाठी आभासी डिस्कचा हा फ्लशचा हुकूम सहसा कानाआड करतं, हे त्याच्या मॅन्युअलातच लिहिलंय. आतल्याला वाटतं नोंद झाली. बाहेर ती अजून विंडोजच्या मेमरीत असू शकते. त्या क्षणी वीज गेली तर अल्पाइन काय नि डेबियन काय, दोघंही सारखेच फसतात. हुकूम पाळायला लावणारं सेटिंग व्हर्च्युअलबॉक्सच्या खिडकीत सापडत नाही, कमांडने बदलावं लागतं. लिहिण्याचा वेग त्याने उतरतो. पण दिवसाला पाच-सात बुकिंगं होणाऱ्या घरात तो कुणाला जाणवणार?

अल्पाइनची एक सोय मात्र मला अजून खुणावते. डिस्कलेस पद्धतीत सगळी सिस्टीम रॅममध्येच चालते, त्यामुळे वीज गेल्याने ती अर्धवट लिहून बिघडण्याची भीती नाही. पण केलेले बदल ‘एलबीयू कमिट’ म्हणून जपावे लागतात. मी नसताना मालकाचा भाचा पासवर्ड बदलणार आणि हे विसरणार. जे यंत्र पुढे दुसऱ्याच्या हाती जायचं आहे, त्यात असली खुबी मी ठेवत नाही.

बायोसमध्ये वीज आल्यावर आपोआप चालू होण्याचं सेटिंग लावतो, व्हर्च्युअल मशीन विंडोजबरोबर उठेल असं करतो. मग खऱ्या नोंदी सुरू होण्याआधी मालकाच्या हातून मेन स्विच पाडून घेतो. पुन्हा वर केल्यावर, कुणी कीबोर्डला हात न लावता, त्याच्या मोबाईलवर शेवटच्या नोंदीसकट वही उघडली नाही, तर त्या दिवशी मी बिल लावत नाही.